साडेनऊ हजार ओळींची फाईल फोडायला घेतली आणि इंपोर्ट गोल गोल फिरायला लागलेत, मदत हवी

पाटी_पेन्सिल | सोमवार, रात्री ११:५२

मंडळी नमस्कार, इथे असले धागे कमीच निघतात पण चार दिवस झाले डोकं पार आउट झालंय म्हणून काढतोय, चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठी आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) मशीनवरून नोंद होतात, दरपत्रकाप्रमाणे रक्कम लागते, दर दहा दिवसांनी सभासदाचं बिल निघतं, त्यातून पशुखाद्याची उधारी आणि उचल कापली जाते, उरलेले बँकेत जातात आणि शेतकऱ्याला एसएमएस. पायथन, वेबसाठी जँगो, मागे रांगेतली कामं उरकणारं सेलेरी (ती कामं करणारी प्रोसेस म्हणजे वर्कर). मॉडेल्स वेगळी आहेत पण हे वरचं सगळं लॉजिक एकाच फाईलीत आहे, बिलिंग नावाच्या, ९,४०० ओळी. ती कुणी लिहिली विचारू नका, पाच जणांनी लिहिली, त्यातले चार सोडून गेले आणि पाचवा मी.

आता दोघंजण एकाच वेळी त्या फाईलीत शिरलो की बदल मर्ज (एकत्र) करताना मारामारी, म्हणून मी ती फोडायला घेतली. दर, संकलन, बिल, कपात, एसएमएस आणि युटिल्स अशा सहा फाईली केल्या. पहिल्या दिवशी मस्त वाटलं. दुसऱ्या दिवशी पायथन म्हणायला लागला की अर्धवट इनिशियलाइज झालेल्या मॉड्यूलमधून (म्हणजे फाईलीतून) नाव इंपोर्ट करता येत नाही, म्हणजे मागवून घेता येत नाही, बहुतेक सर्क्युलर इंपोर्ट (फाईली एकमेकींना गोल गोल मागतायत) असावा. बहुतेक काय, आहेच. बिलाला कपात लागते, कपातीला बिल लागतं, बिल एसएमएसला बोलावतं, एसएमएसला मजकुरासाठी परत बिल लागतं, आणि युटिल्सला तर सगळेच लागतात.

खरं डोकं फिरवणारा भाग असा की टेस्ट सगळ्या हिरव्या (पास) आणि सेलेरीचा वर्कर चालू केला की पडतो. तोच कोड! हे कसं काय?

---

नाचणीचं_सत्त्व | मंगळवार, सकाळी ७:१५

इंपोर्टची ओळ फंक्शनच्या आत टाका, चहा प्या, विषय संपला. आम्ही गेली सहा वर्षं हेच करतोय.

---

तिखटमीठ | मंगळवार, सकाळी ९:०३

मी अजून शिकतेय म्हणून बाळबोध प्रश्न, दोन फाईलींनी एकमेकींना इंपोर्ट केलं तर बिघडतं काय नक्की? दोन्ही आहेत ना डिस्कवर.

---

जुना_वाडा | मंगळवार, सकाळी १०:२०

तिखटमीठ ताई, रेशनकार्डाला रहिवासी दाखला लागतो आणि रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड. दोन्ही कागद जगात असतात, पण तुमच्या हातात दोन्हीपैकी एकही नसतं.

नाचणी, सहा वर्षं तुम्ही इंपोर्ट आत टाकताय म्हणजे सहा वर्षं तुमच्या कोडमधे कोण कुणावर अवलंबून आहे हे फाईलीच्या माथ्यावर दिसत नाहीये. चालतं, नाही कोण म्हणतंय. पण एखादं नाव बदललं तर ते चालू करताना न कळता रात्री दोन वाजता तो फंक्शन पहिल्यांदा चालेल तेव्हा कळणार.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:४१

टेस्ट हिरव्या आणि वर्कर लाल याचं उत्तर क्रमात आहे, जरा सविस्तर लिहितो, सगळ्यांच्याच कामाचं आहे.

पायथन एखादं मॉड्यूल पहिल्यांदा इंपोर्ट करतो तेव्हा आधी एका डिक्शनरीत त्याचं रिकामं खोकं ठेवतो आणि मग फाईल वरून खाली चालवत त्या खोक्यात एकेक नाव भरत जातो. मधेच दुसऱ्या कुणी तेच मॉड्यूल मागितलं तर पुन्हा चालवत नाही, जे आहे ते अर्धं भरलेलं खोकं हातात देतो. आता मागणाऱ्यानी नुसतं मॉड्यूल मागितलं असेल तर त्याचं भागतं, कारण आतलं नाव त्याला नंतर, फंक्शन चालेल तेव्हा लागणार. पण 'बिल मधून एकूण_रक्कम दे' असं नावानिशी मागितलं तर ते नाव आत्ताच्या आत्ता पाहिजे, आणि ते अजून भरलेलंच नाही. पायथन ३.८ पासून एररमधे सर्क्युलर इंपोर्टचं नाव तरी घेतो, त्याआधी नुसतं नाव मिळत नाही म्हणायचा आणि माणूस स्पेलिंग तपासत बसायचा.

आता तुमची गंमत. समजा बिल फाईल कपातीचं नुसतं मॉड्यूल मागते आणि कपात बिलातलं नाव मागते. टेस्टनी आधी कपात उघडली: कपात सुरू, ती बिल उघडते, बिल अर्धवट कपात घेऊन समाधानी, बिल पूर्ण होतं, परत कपातीत, नाव मिळालं, हिरवं. वर्करनी आधी बिल उघडलं: बिल सुरू, कपात उघडते, कपात बिलातलं नाव मागते, नाव नाही, धाडकन. म्हणजे तुमचा कोड बरोबर नव्हताच, टेस्ट फक्त सोयीच्या दारातून आत येत होत्या.

पैज लावतो, तुमच्याकडे इंपोर्ट वर्णानुक्रमे लावणारं टूल पण चालतं. त्यानी दोन ओळी वरखाली केल्या की हेच होतं.

तपासायची सोपी युक्ती: प्रत्येक फाईलीसाठी पायथनची नवी कोरी प्रोसेस चालू करायची आणि त्यात फक्त तेवढीच इंपोर्ट करायची. सहा फाईली, सहा प्रोसेस. जी पडेल ती क्रमाच्या भरवशावर जगतेय. बिल्डमधेच (कोड आपोआप बांधून तपासतो ती पायरी) घालून ठेवा. फंक्शनच्या आत लपवलेले इंपोर्ट मात्र यात सापडत नाहीत, त्याचं खाली कुणीतरी लिहील नाहीतर मी लिहितो.

---

पाटी_पेन्सिल | मंगळवार, दुपारी २:३०

रात्रपाळी, दंडवत घ्या. वर्णानुक्रमवालं टूल आहेच, मीच मागच्या महिन्यात लावलंय. सहा प्रोसेसचं करून बघितलं, तीन पडल्या.

आता सांगा फोडू कसं. सगळं पुन्हा एका फाईलीत टाकायची फार इच्छा होतेय.

---

खारी_बटर | मंगळवार, दुपारी ४:१२

मग टाका की. चालत होतं ना? ९,४०० ओळी म्हणजे काय पाप नाही. रिफॅक्टरिंगनी एका तरी शेतकऱ्याला लिटरमागे रुपया जास्त मिळाला का? हलके घ्या, पण मी असले तीन प्रकल्प पाहिलेत जिथे फोडाफोडी अर्धवट राहिली आणि जुनं नवं दोन्ही सांभाळत बसले.

---

कोथिंबीरवडी | मंगळवार, रात्री ९:४८

खारी_बटर यांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही पण इथे दोघांना एका फाईलीत काम करता येत नाहीये, म्हणजे दुखणं खरं आहे.

पाटी_पेन्सिल, मला एक सांगा, तुमच्या कपातीला बिल कशाला लागतं? म्हणजे बिलातलं नेमकं काय?

---

पाटी_पेन्सिल | मंगळवार, रात्री १०:०५

नियम असा आहे की दहा दिवसांच्या एकूण रकमेच्या अर्ध्यापेक्षा जास्त कापायचं नाही, नाहीतर माणसाच्या हातात काहीच उरत नाही. (हा आमच्या ग्राहकाचा नियम, सगळीकडे असेल असं नाही.) म्हणून कपात काढणारं फंक्शन बिल घेतं आणि त्याची एकूण_रक्कम विचारतं. ते फंक्शन बिलाच्या फाईलीत आहे.

---

कोथिंबीरवडी | मंगळवार, रात्री १०:४०

मग कपातीला बिल नकोय हो, तिला एक आकडा पाहिजे!

कपात काढणाऱ्या फंक्शनला सभासद आणि एकूण रक्कम एवढंच द्या. रक्कम कुठून आली, बिलातून आली की आकाशातून, याच्याशी तिला काय करायचंय. बिल स्वतःची रक्कम काढेल, कपातीच्या हातात ठेवेल, कपात किती ते सांगेल. बाण एकाच दिशेला, बिलाकडून कपातीकडे. इंपोर्ट आत-बाहेर काही करावं लागत नाही कारण इंपोर्टच उरत नाही. वर फायदा असा की कपातीची टेस्ट लिहायला आता खोटं बिल, त्यात खोटं संकलन, त्यात खोटं दरपत्रक असली वरात काढावी लागणार नाही. ४००० दिले, उधारी ३००० आहे, २००० च कापले पाहिजेत, संपलं.

मी असल्या वेळी वहीत दोन रकाने काढते, कोण मागतंय आणि नेमकं काय वापरतंय. दहातल्या सात वेळा असं निघतं की अख्खा ऑब्जेक्ट मागितलाय आणि वापरलाय त्यातला एक आकडा नाहीतर एक तारीख. उरलेल्या तिनातल्या दोनदा ते फंक्शनच चुकीच्या घरात राहत असतं. खरोखरचं चक्र, म्हणजे दोघांना एकमेकांशिवाय अर्थच नाही असं, ते क्वचित, आणि ते असेल तर त्या दोन फाईली नाहीतच, एकच आहे, ती फोडू नका.

---

तिखटमीठ | मंगळवार, रात्री ११:१०

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि रेशनकार्ड समजलं, धन्यवाद काका.

---

जुना_वाडा | बुधवार, सकाळी ६:५५

कोथिंबीरवडी यांना +१. मी जावावाला माणूस, पण दुखणं तेच. आमच्याकडे खुद्द जावालाच हे निस्तरावं लागलं होतं. २०१७ साली जावा ९ आलं तेव्हा सगळा जेडीके (जावाची मूळ लायब्ररी आणि टूल्स) मॉड्यूलमधे विभागला, आणि मॉड्यूल गोल फिरले तर कंपाइलरच अडवतो. तर लॉगिंगच्या एका क्लासमधे कुणी बदल झाला की कळव अशा दोन मेथड होत्या ज्यांचा प्रकार जावा-बीन्समधला, आणि बीन्स राहतं डेस्कटॉपच्या मॉड्यूलमधे. म्हणजे सर्व्हरवर नुसता लॉग लिहायला खिडक्या-बटणांचा अख्खा संसार ओढून आणायचा. अशा एकूण सहा मेथड होत्या, दोन लॉगिंगमधे आणि चार पॅक२०० (जावाच्या फाईली दाबून लहान करणारं) मधे. जावा ८ मधे त्यांवर शिक्का मारला की या जाणार, आणि ९ मधे खरंच काढल्या. मागे जुनं मोडू द्यायचं नाही हा ज्यांचा बाणा, त्यांनी सुद्धा.

रच्याकने (बाय द वे), फाईली फोडताना तुम्ही कामाच्या क्रमानी फोडल्यात, आधी दर मग संकलन मग बिल. पार्नास म्हणून एक गृहस्थ १९७२ सालीच लिहून गेलेत की कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नका, जी गोष्ट बदलण्याची शक्यता आहे ती एकेका तुकड्यात कोंडा. तुमच्याकडे काय बदलतं? दरपत्रक बदलतं, कपातीचे नियम बदलतात, एसएमएस पाठवणारी कंपनी बदलते.

---

लाल_माती | बुधवार, दुपारी १२:३०

आम्ही गो वापरतो तिकडे पॅकेज गोल फिरलं तर बिल्डच होत नाही, वाद नाही, रात्रपाळी नाही. सुरवातीला फार शिव्या घालायचो. आता पायथनमधे आलो की उघड्यावर आल्यासारखं वाटतं.

एसएमएससाठी जँगोचे सिग्नल वापरा ना. बिल सेव्ह झालं की सिग्नल, एसएमएस ऐकतो, बिलाला एसएमएसचा पत्ताच नाही. चक्र तुटलं.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:१५

लाल_माती, सिग्नलनी इंपोर्टचं चक्र तुटतं पण वागण्याचं तुटतं का? उद्या एसएमएसनी 'पाठवला' अशी खूण करायला बिल पुन्हा सेव्ह केलं, की पुन्हा सिग्नल, पुन्हा एसएमएस. एका शेतकऱ्याला एकाच बिलाचे चाळीस मेसेज. आणि हे कोडमधे शोधायचं कुठे, कारण कुणीच कुणाला नावानी हाक मारत नाहीये.

माझं मत, बिल काढणारं फंक्शन फक्त बिल काढेल. त्याच्या वर एक पातळ थर ठेवा, 'दहा दिवसांचा रन' वगैरे नावाचा, तो आधी बिलाला बोलावेल, मग एसएमएसला. दोघांना ओळखणारा तिसरा, दोघं एकमेकांना अनोळखी. सिग्नल तेव्हा जेव्हा ऐकणारे खरंच अनेक आहेत किंवा दुसऱ्या कुणाच्या ॲपमधले आहेत.

आणि लपलेल्या इंपोर्टचं राहिलं होतं. इंपोर्ट-लिंटर म्हणून टूल आहे, कोड न चालवता वाचून इंपोर्टचा नकाशा काढतं, फंक्शनच्या आतले सुद्धा धरतं. त्यात थर लिहून द्यायचे: सगळ्यात वर रन, खाली बिल आणि एसएमएस, खाली कपात, संकलन, खाली दर. खालच्यानी वरच्याला इंपोर्ट केलं की बिल्ड लाल. आज जे गुन्हे आहेत ते माफीच्या यादीत टाका, यादी फक्त लहान होऊ द्यायची. नाचणी, तुमचे सहा वर्षांचे इंपोर्ट पण मोजून बघा एकदा :)

---

नाचणीचं_सत्त्व | बुधवार, दुपारी १:४०

मोजले. एकशे बारा. कुणाला सांगू नका.

---

कोथिंबीरवडी | बुधवार, दुपारी २:२२

हाहापुवा (हसून हसून पुरेवाट)

पाटी_पेन्सिल, एक सापळा आधीच सांगते. जुन्या बिलिंग फाईलीच्या जागी तुम्ही फोल्डर केलं असेल आणि बाकीचा कोड मोडू नये म्हणून त्याच्या इनिट फाईलीत (फोल्डर इंपोर्ट केलं की आधी चालते ती) सगळी जुनी नावं पुन्हा मांडली असतील. चांगलं आहे, मीही तेच करते. पण आतल्या फाईलींनी चुकूनही त्या दारातून आत यायचं नाही. बिलाला दर पाहिजे तर थेट शेजारच्या दर फाईलीतून घ्यायचा, 'बिलिंग मधून दर' असं नाही. कारण इनिट सगळ्यांना उघडते, आणि सगळे इनिटला मागायला लागले की झालं पुन्हा गोल.

फक्त टाइप लिहायला दुसऱ्याचं नाव लागत असेल तर टाइप-चेकिंगवाल्या इफमधे इंपोर्ट ठेवा आणि टाइप अवतरणात लिहा, चालताना तो इफ खोटा असतो.

आणि हलवणं व सुधारणं एका कमिटमधे करू नका. आज फक्त हलवा, एक अक्षर न बदलता. नाव उद्या बदला.

---

पाटी_पेन्सिल | शनिवार, रात्री १२:२०

मंडळी, अपडेट.

कपातीला आकडा द्यायचं केलं, चाळीसेक ओळींचा बदल, आणि सहापैकी दोन चक्रं तेवढ्यानीच गेली. मी त्यासाठी चार दिवस बेस क्लास आणि इंटरफेस काढत बसलो होतो. युटिल्स उघडून बघितलं तर त्यात तारखांची अकरा फंक्शन्स होती ज्यांना कुणीच लागत नाही, आणि 'सभासदाची बाकी' नावाचं एक होतं ज्याला सगळे लागतात. त्या एकामुळे अकरा बदनाम. ते कपातीत नेलं. दर मात्र काकांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण कोंडला, ३.५ फॅट ८.५ एसएनएफचा मूळ दर आणि त्यावरची चढउतार, बाहेर फक्त एक फंक्शन, लिटर-फॅट-एसएनएफ द्या आणि रक्कम घ्या.

आता झालेले घोटाळे, म्हणजे पुढच्याला ठेच.

पहिला. आमच्या टेस्ट 'बिलिंग मधलं एसएमएस_पाठवा' हे नाव खोट्या फंक्शननी झाकायच्या. मी हलवल्यावर ते नाव इनिटमधे होतंच, त्यामुळे झाकणं बिनतक्रार झालं, पण रनची फाईल एसएमएसमधून थेट घेते, तिच्याकडचं नाव उघडंच. टेस्ट हिरवी आणि खरे एसएमएस गेले! नशीब की टेस्टच्या डेटात सभासदांचा मोबाईल म्हणून माझाच नंबर आहे. बायको विचारतेय आपण गायी कधी घेतल्या. तर, जिथे नाव वापरलं जातं तिथेच झाका, जिथे लिहिलंय तिथे नाही.

दुसरा जास्त महाग होता. सेलेरी टास्कचं नाव स्वतःहून मॉड्यूलच्या पत्त्यावरून ठरवतो. टास्क हलवलं की नाव बदललं, आणि रांगेत आधीच जे उद्या सकाळसाठी टाकलेले जुन्या नावाचे होते ते वर्कर ओळखेना, नोंदच नाही म्हणून टाकून दिले. आता प्रत्येक टास्कला जुनंच नाव हातानी लिहून दिलंय, फाईल कुठेही जावो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर शुक्रवारची रात्र वाचली असती, पण ठीक.

---

खारी_बटर | शनिवार, सकाळी ८:३०

मी म्हटलं नव्हतं.

म्हटलं होतं खरं तर. पण कपातीचं वाचून आमच्याकडचं एक तसंच सापडलं, आज बघतो.

---

तिखटमीठ | शनिवार, सकाळी ११:०२

एक विचारू का, सर्क्युलर नसतानाही एकच फाईल दोनदा लोड होऊ शकते का? माझ्याकडे एक क्लास स्वतःलाच ओळखत नाहीये, हा ऑब्जेक्ट याच क्लासचा आहे का विचारलं तर नाही म्हणतो.

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १२:१०

हो, ती फाईल तुम्ही थेट चालवताय आणि दुसरी कुठलीतरी फाईल तिला इंपोर्ट पण करतेय. थेट चालवलेली 'मेन' या नावानी खोक्यात जाते, इंपोर्ट केलेली स्वतःच्या नावानी, दोन खोकी, दोन वेगळे क्लास, चेहरा एक. चालवायची फाईल वेगळी आणि चार ओळींची ठेवा, तिला कुणी इंपोर्ट करायचं नाही.

---

जुना_वाडा | शनिवार, दुपारी ४:४५

पाटी_पेन्सिल, माफीच्या यादीत किती उरले?

---

पाटी_पेन्सिल | शनिवार, संध्याकाळी ७:१८

काका, सतरा होते, एक उरलाय. एसएमएसच्या मजकुरात मागच्या बिलाशी तुलना येते, 'मागच्यापेक्षा इतके लिटर जास्त' वगैरे, त्यासाठी तो अजून बिलाच्या फाईलीत शिरतो. काढता येईल, रननी दोन्ही आकडे हातात द्यायचे. पण उद्या १० तारीख, बिलं निघणार, आज रात्री मी त्या फाईलीला हात लावत नाही.

---

नाचणीचं_सत्त्व | शनिवार, संध्याकाळी ७:३०

११ ला धागा वर काढतो. माझे एकशे नऊ झालेत.